दीडपट की दुप्पट

१९ जून २००४, शनिवार

डॉक्टर काय म्हणाले ते बाबांना सांगितलं नाही. "थेंब घालत राहा म्हणाले," एवढंच. खरं असं की गेलेली नजर परत येत नसते, आणि उरलेली कधी जाईल याचा नेम नाही. काचबिंदू. आता त्यांना नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं. कडेचं सगळं गेलं.

बोगोरहून येताना बसमध्ये बाबा शेजारच्या बाईच्या टोपलीतल्या कोंबडीवर हात ठेवून बसले होते. त्यांना वाटलं माझी पिशवी. बाई काही बोलली नाही. कोंबडीही नाही.

घरी आले तरी एका जागी बसवेना. अंगण झाडलं. सिनेमाचं मशीन पुसलं. पडद्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. पुढच्या दोन लग्नांचे खेळ मलाच एकटीने करायचेत — बांबू रोवण्यापासून. ते जमेल. ते नाही सलत. सलतंय दुसरंच.

२० जून

बाबा मशिदीत गेले तेव्हा ते रीळ काढलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून बघितलं.

किती वेळा बघितलंय. वरात येते, डफवाले येतात, मागे विहीर, विहिरीपाशी बायका. डावीकडची पहिली, डोक्यावर केळीच्या पानांनी झाकलेली टोपली — ती न्याक, आमच्या बोलीत आई. माझी आई. मी दोन वर्षांची व्हायच्या आत तापाने गेली. तिचा फोटो एकही नाही. सिनेमावाले आमच्या गावात वरात चित्रित करायला आले होते तेव्हा गावातल्या बायका उभ्या केल्या, त्यात ती होती. पुढे काही वर्षांनी बाबांना कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या मालात त्या सिनेमाचं हे एवढं एकच रीळ मिळालं. आमच्या मशीनला चालतं — सोळा मिलिमीटरचं. पण स्कोपचं. म्हणजे रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद पट्टीवर बसवलेलं. दाखवताना मशीनपुढे स्कोपचं भिंग धरलं की ते परत फाकतं. ते भिंग आमच्याकडे कधीच नव्हतं. बाबांचे बाकीचे सगळे सिनेमे साधे.

म्हणून माझी आई काडीसारखी आहे. पडवळासारखा चेहरा, ऊन लागल्यासारखे बारीक केलेले डोळे. लहान असताना मला वाटायचं, मेलेली माणसं अशीच लांबोडकी होत असतील.

"न्याक कशी होती?" असं विचारलं की बाबा रिळाच्या डब्याकडे बोट करायचे. "आहे की त्यात. बघ." त्याच्यापुढे एक शब्द नाही. कधीच नाही.

बाबांची नजर आहे तोवर तिला सरळ करायची. ठरलं.

२१ जून

सांगितलं त्यांना. भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "कशाला? दिसतंय तसं दिसू दे."

"तुम्हाला नाही का बघायचं तिला नीट?"

"इतकी वर्षं चाललंच ना, इमा."

मला नाही चालत.

२६ जून

पहाटेच निघाले. वळणावर माक एनोहकडून नासी उदुक, नारळाच्या दुधातला भात, बांधून घेतलं. तिला सगळ्या गावाच्या पोटाची काळजी. "कुठे एवढ्या लगबगीनं? नवरा बघायला?" म्हणाली. हसली की तिचे डोळे गालांत बुडतात, मग गिऱ्हाईकाला मोड किती दिली ते तिलाच दिसत नाही.

"भिंग बघायला," म्हटलं.

"तेच बरं. फुटलं तर फेकून देता येतं."

जकार्तात जातिनगाराच्या फुटपाथवर दुपारपर्यंत उकिडवी बसून जुन्या कॅमेऱ्यांचे ढीग उपसले. स्कोपचं भिंग ओळखायचं तर डोळ्याला लावायचं आणि हळूहळू फिरवायचं. साधं भिंग कितीही फिरवा, जग आहे तसं. स्कोपचं फिरवलं की समोरचा माणूस आधी जाड होतो, मग उंच. दुकानदारांना हे ठाऊक नसतं. एकाने ते कागदावर ठेवायचं वजन म्हणून मांडलं होतं. मी त्याच्याकडेच रोखून फिरवत होते. त्याने विचारलं, "काय दिसतंय?"

"तुम्ही बारीक झालात."

"मग तसंच धरा. बायकोला बोलावतो."

जपानी बनावटीचं आहे. पुढच्या कड्यावरची अक्षरं घासून सपाट झालीत, एक आकडासुद्धा धड वाचता येत नाही. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. शेजारचा दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "थिएटरचं आहे ताई, दुप्पट फाकवतं." मी समोरच्या इमारतीची खिडकी बघितली. चांगली फाकली. दुप्पट असेलच असं वाटलं. बसची घाई होती. घेतलं.

२८ जून

बुरशी काढली. आतली काच साधी गोल घासलेली नसते, नळकांड्याची उभी फाक काढावी तशी असते. वर कुठली बाजू आणि खाली कुठली, हे पेन्सिलीने कडेला खूण करून ठेवल्याशिवाय काढायची नाही. तसूभर जरी वळून बसली तर चित्र गेलंच. बाबा समोर येऊन बसले.

"दे, कडं मी धरतो," म्हणाले.

धरलं त्यांनी. हात अजून पक्का आहे. पण सगळा वेळ मान फिरवून बाहेर, केळीच्या झाडाकडे.

३० जून

भिंग आहे, पण मशीनच्या तोंडाला बसत नाही. लेथवाल्या को लिओंगकडे गेले. पितळेचं कडं हवं — आतून मशीनच्या नळीवर घट्ट, बाहेरून भिंगाला कवेत घेणारं, आणि तीन बाजूंनी तीन स्क्रू, म्हणजे भिंग फिरवून मग आवळता येईल.

"मागच्या खेपेला भाताच्या गिरणीचा दांडा आणलास," को लिओंग म्हणाले, "आता चष्मा. तुझा धंदा नक्की काय आहे?"

"एवढंच करून द्या."

"कुणासाठी?"

"आईसाठी."

"तुझी आई तर—"

"हो."

त्यांनी सिगरेट विझवली आणि मशीन सुरू केलं. नंतर एकही टोमणा नाही. ते मला जास्त जड गेलं.

३ जुलै

संध्याकाळी अंधार पडल्याबरोबर पहिली चाचणी. अख्खी वरात उजवीकडे कललेली, सोसाट्याच्या वाऱ्यात चालल्यासारखी. भिंग थोडं फिरवलं — डावीकडे कलली. आणखी थोडं मागे. उभी राहिली. कोपरे काळे येत होते, मग भिंग मशीनच्या तोंडाशी अगदी चिकटवलं, तेव्हा गेले. मग चित्र रेखीव करायला आधी मशीनचं भिंग जुळवायचं, मग हे, मग पुन्हा मशीनचं. हाताला घाम.

आणि मग ती.

चेहरा भरला. गाल आले. मी स्वयंपाकघरात एकटीच उभी होते, आणि भिंतीवर मी.

४ जुलै, रविवार

आज सगळ्यांना दाखवलं. चुलतभाऊ साबेनी, त्याची बायको, शेजारपाजारचे. अंगणातच पडदा लावला.

"अगं बाई, ही तर इमाच की," साबेनीची बायको म्हणाली. मग एकेक जण तेच. कुणी माझी हनुवटी धरून पडद्याकडे वळवत होतं, कुणी मला तिच्याशेजारी उभं राहायला सांगत होतं. मी उभी राहिले. रडले. लाज वाटली नाही.

बाबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. रीळ संपायच्या आधी उठले, "नमाजाची वेळ झाली" म्हणाले.

बांग व्हायला अजून अवकाश होता.

५ जुलै

मतदान. बोटं शाईत बुडवून सगळे तेच बोट माझ्याकडे करतात — "हुबेहूब आई."

७ जुलै

बाबा रोज लावायला सांगतात. तीन दिवस झाले. पडद्याजवळ, इतके जवळ की नाक लागेल. एकदा उठून तिच्या चेहऱ्यावर हात ठेवला, आणि चित्र त्यांच्या हातावर आलं.

मधेच विचारलं, "तुला ओळखीची वाटते का गं ही?"

"आरशात बघितल्यासारखी."

"हं," म्हणाले.

जेवण कमी झालंय. माक एनोहने मुद्दाम त्यांच्यासाठी जास्तीचं कालवण दिलं, तेही तसंच. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. हा आनंद असेल तर मला तो ओळखता येत नाही.

९ जुलै

हे मला पहिल्याच संध्याकाळी दिसलं होतं. दिसलं आणि मी नजर फिरवली. आज लिहितेच.

डफ गोल नाहीत.

वरातीत पुढचा म्हातारा डफ छातीशी धरून सरळ कॅमेऱ्यासमोर येतो. चित्र तिथे थांबवता येत नाही, पट्टी जळेल. म्हणून पुन्हापुन्हा लावून, पडद्यावर खडूने खुणा करून मोजलं. चार वीत उंच, तीन वीत रुंद. भिंगाशिवाय दोन वीत रुंद यायचा. म्हणजे हे भिंग दोनाचे तीन करतंय. चार करायला हवेत.

दीडपट आहे हे. कुणा हौशी माणसाच्या घरगुती कॅमेऱ्याचं असणार. थिएटरचं नव्हे.

म्हणजे भिंतीवर आहे तो चेहरा न्याकचा नाही अजून. अर्ध्या वाटेवर थांबलेला आहे. आणि त्या अर्ध्या वाटेवर तो माझ्यासारखा दिसतो.

१० जुलै

कुणाला कळणार आहे?

११ जुलै

मला कळलंय.

खेळाला गेले, पारुंगजवळ सुंतेचा समारंभ होता. लोक हसत होते, पोरं पडद्यामागून उलटा सिनेमा बघत होती, आणि मी दर चाकाकडे, दर ताटाकडे बघत होते, गोल आहे का. साध्या सिनेमात ते गोलच असणार, हे माहीत असून. रीळ बदलायला उशीर झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

दुप्पटचं भिंग या भागात एकाकडेच आहे. बोगोरचं थिएटर बंद झालं तेव्हा त्याने उचललं. जामहूर. आमचा तलाक झाल्यावर वर्षभराने. नाहीतर तेही भांडणात निघालं असतं.

१३ जुलै

गेले पारुंगला. जामहूर अंगणात मोटरसायकल धुत होता. लग्न होतं तोवर मी त्याला, नवऱ्याला म्हणतात तसं, "बांग" म्हणायचे. आज नावानेच हाक मारली, तर खूश झाला.

"तू आलीस म्हणजे जगातली बाकीची भिंगं संपली वाटतं."

"दोन आठवडे दे. परत आणून देते."

"माणसं परत आणून देत नाहीस, भिंग देशील?"

"माणूस मी नेला नव्हता. स्वतः गेला होतास."

हसला. पण देताना त्याने भिंग लुंगीच्या कापडात गुंडाळलं, आणि विचारलं, "तुझ्या बाबांना हवंय का हे? की तुला?"

"दोघांना."

"त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, त्या रिळाला भिंग लावू नकोस म्हणून. आपलं लग्न होतं तेव्हा, थिएटरवाल्याकडून मागून आणणार होतो. तुला चकित करायचं होतं."

हे मला माहीत नव्हतं. कधी, का, विचारलं. त्याने खांदे उडवले. "म्हातारा नको म्हणाला. मी नाही खोदलं. मला तेव्हा खोदायची सवय नव्हती."

बसमध्ये भिंग मांडीवर. उखळाएवढं जड. रस्ताभर एकच विचार — बाबा का नको म्हणाले?

१५ जुलै

एवढं वजन मशीनच्या नळीला लटकवलं तर नळी मोडेल. को लिओंगनी त्याला वेगळा लोखंडी घोडा करून दिला. मशीनपुढे ठेवायचा, उंची स्क्रूने जुळवायची.

"हे तरी खरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी आधी मोजलं होतं. त्यांच्या दुकानातल्या कॅलेंडरावर बांगडी ठेवून पेन्सिलीने गोल काढला, भिंगातून बघितला. बरोबर दुप्पट.

"खरं आहे," म्हटलं.

१८ जुलै

बाबा साबेनीकडे गेले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीला काळं कापड लावलं. भरदुपारी, घामाने निथळत.

डफ आला. गोल. पौर्णिमेच्या चंद्रासारखा, कुठेही दबलेला नाही.

मग विहीर.

डावीकडची पहिली. रुंद कपाळ, मोठं तोंड. कुणीतरी तिला काहीतरी म्हणतं, ती हसते — हे मी शेकडो वेळा बघितलंय आणि मला वाटायचं, तिच्या डोळ्यांवर ऊन आलंय. ऊन नव्हतं. हसताना डोळे गालांत बुडाले होते.

माक एनोह आहे ती. सतरा-अठरा वर्षांची माक एनोह.

पुन्हा लावलं. पुन्हा. बाकीच्या चौघींचे चेहरे एकेक करून बघितले. उजवीकडची हाजी रोजालीची बहीण, तिला मी ओळखते. इतर तिघी म्हाताऱ्या. त्यांत कुणीच न्याक असू शकत नाही.

न्याक तिथे नाहीच.

१९ जुलै

नासी उदुक आणायला गेले नाही. बाबांना म्हटलं, पोट बरं नाही.

२१ जुलै

बाबांनी विचारलं, जामहूरचं भिंग कसं आहे. "तडा गेलाय त्याला," म्हटलं. "नीट दिसत नाही."

"मग राहू दे," म्हणाले. इतक्या पटकन. मोकळे झाल्यासारखे.

मी पितळेचं कडं पुन्हा मशीनला चढवलं. दीडपटवालं. अर्ध्या वाटेवरची. उरलेल्या नजरेत त्यांना तीच दिसू दे. गावालाही तीच. माझ्यासारखी.

पण मन कशातच लागत नाही. फिल्मचा जोड तीन वेळा उलटा चिकटवला. इकडून तिकडे फिरतेय. इतकी वर्षं मी एका बाईकडे बघून झोपले, आजारी पडले, लग्न करून गेले, परत आले — आणि ती बाई रोज सकाळी मला भात बांधून देत होती आणि मी तिच्याशी मोडीवरून हुज्जत घालत होते.

२४ जुलै

माक एनोहच आली. डब्यात नासी उदुक, वर जेंगकोलच्या बियांचं कालवण.

"पोट बरं नाही म्हणे. पाच दिवस? मरायला टेकलीस की माझ्यावर रुसलीस?"

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग विचारलंच. सिनेमावाले आले होते तेव्हा तू होतीस का?

"होते म्हणजे! विहिरीपाशी उभी होते. तुझ्या न्याकच्या जागेवर."

खाली बसली. ओढणीने मान पुसली आणि सांगू लागली. त्यांनी सकाळपासून साओनालाच — न्याकलाच — टोपली देऊन उभं केलं होतं. उन्हात चार-पाच वेळा नुसतं उभं राहून बघायला लावलं. खरंखरं चित्र घ्यायची वेळ आली आणि मी भोकाड पसरलं. माझ्या मावशीच्या कडेवर होते, गप्प बसेना. सिनेमावाला ओरडायला लागला. न्याकने टोपली उचलून एनोहच्या डोक्यावर ठेवली, म्हणाली, "उभी राहा, मी हिला पाजून येते," आणि ट्रकच्या आडोशाला गेली. ती येईपर्यंत काम झालं होतं.

"हसत का होतीस?"

"तीच हसवत होती. ट्रकमागून डोकं काढून. तुला छातीशी धरून वेडावत होती मला."

मी डब्याचं झाकण लावलं.

"बाबांना का नाही सांगितलंस कधी?"

"तुझे बाबा तेव्हा करावांगला खेळ घेऊन गेलेले. बायकोला सिनेमात घेतलंय, हे तिकडेच त्यांच्या कानावर गेलं. परत आले तोवर गावोगाव सांगून झालं होतं, माझी बायको सिनेमात आहे. साओना मला म्हणाली, एनोह, बोलू नकोस, त्यांना फुशारकी मारू दे थोडे दिवस. मग थोड्याच दिवसांत ती गेली. मग कोण बोलणार? आणि त्या रिळात काय आहे ते मला कुणी दाखवलंय कधी? तुम्ही घरात लावता, मी वळणावर भात विकते."

उठताना दाराशी थांबली. "मी आहे का त्यात खरंच?"

"आहेस."

"कशी दिसते?"

"सुंदर," म्हटलं. खरं होतं ते.

"माझाही त्या वयातला फोटो नाही, इमा. मंगळवारी येऊ का? संध्याकाळी दुकान लवकर आवरते. नातवंडांना आणते. त्यांना वाटतं मी म्हातारीच जन्मले."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? ते रीळ तिचं आहे. आमच्यापेक्षा तिचंच जास्त.

२५ जुलै

बाबांना सांगायला दोनदा गेले. एकदा त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि आले. एकदा कॉफी दिली आणि आले.

२६ जुलै, सोमवार

सांगितलं. सगळं. डॉक्टरांचंही. एकातून एक निघत गेलं. भिंगाला तडा नाही, ते दुप्पटचं आहे, आधीचं दीडपट होतं, विहिरीपाशी माक एनोह आहे, न्याक ट्रकमागे होती, माझ्यामुळे.

बाबा खाटेवर बसून ऐकत होते. मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपलं तेव्हा म्हणाले, "लाव."

जामहूरचं भिंग लावलं. बाबा पुढे वाकले. डफ गेले, विहीर आली, ती हसली. रीळ संपून पट्टी फटफट वाजत राहिली तरी ते तसेच. मग उठले, भिंत चाचपत दारापर्यंत गेले, टोपी घातली आणि मशिदीत गेले. रात्रीचं जेवले नाहीत. त्यांच्या खोलीतून कण्हल्यासारखा आवाज आला. रडत होते की काय, आत जायचं धाडस झालं नाही.

मी काय केलं हे? एका म्हाताऱ्या माणसाजवळ होतं ते एकच चित्र, तेही काढून घेतलं.

२७ जुलै, मंगळवार

सकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

मला कळलं नाही.

"ते रीळ मिळालं तेव्हापासून त्या बाईकडे बघतोय, इमा. कितीही बघितलं तरी ती मला साओना वाटायची नाही. मला वाटलं, मीच तिचा चेहरा विसरलो. स्वतःच्या बायकोचा. जामहूरला नको म्हटलं ते म्हणूनच — सरळ दिसली आणि तरीही ओळखता आली नाही तर? तू विचारायचीस, न्याक कशी होती. काय तोंडाने सांगणार होतो?"

त्यांनी हाताने चाचपून पाट ओढला. "बस," म्हणाले. "आता सांगतो. पहिली गोष्ट, तू तिच्यासारखी अजिबात दिसत नाहीस."